शंभरातले दहा आणि आठातला एक

लेस्टरकर,

(नाव दिलं नाहीत, लेस्टरहून लिहितो एवढंच म्हणालात, म्हणून हे संबोधन.)

ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसाच्या नियमांनी छोट्या, स्वतंत्र धार्मिक कॉलेजांचा गळा आवळला, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बोगस कॉलेजांचा बाजार उठला ते बरंच झालं, धर्माच्या नावाखाली घुसणाऱ्यांसाठी मी उगाच गळे काढतोय, आणि देवळाला गुरुजी हवेच असतील तर त्यांना व्हिसा मिळतोच की.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण तिथे गल्लत झाली आहे. गुरुजी, इमाम, पाद्री यांचा व्हिसा नोकरीचा असतो. त्यालाही इंग्रजीची अट आहे. तात्पुरता धार्मिक कामगार म्हणून आणून मुख्य पुजाऱ्याचं काम सोपवायची सोय तर जानेवारी २०१९ पासून बंद आहे. मी लिहीत होतो ते शिकायला येणाऱ्यांबद्दल.

बोगस कॉलेजं होती, यात वाद नाही. खाली चिकनचं दुकान, वर दोन खोल्या आणि दारावर ‘कॉलेज’ची पाटी, हे मी पूर्व लंडनमध्ये स्वतः पाहिलं आहे. विद्यार्थी व्हिसाची ‘टिअर ४’ व्यवस्था २००९ मध्ये आली, तेव्हा पहिल्याच वर्षी ४० ते ५० हजार लोक शिकायला नव्हे तर काम करायला आले असावेत, असा अंदाज सरकारी लेखापरीक्षकांनीच २०१२ मध्ये मांडला. हा आकडा माझ्या लेखात हवा होता. तो नव्हता, ही माझी चूक.

पण झाडू कसा फिरला तेही बघा. थेरेसा मे गृहमंत्री असताना २०११ मध्ये नवे नियम आले. प्रत्येक कॉलेजाने मान्य संस्थेकडून शैक्षणिक तपासणी करून घ्यायची आणि ‘हायली ट्रस्टेड’ दर्जा मिळवायचा. त्या नोव्हेंबरात सरकारने जाहीर केलं की ४७० हून अधिक कॉलेजांना परदेशी विद्यार्थी आणायला बंदी झाली. त्यातल्या अनेकांनी तपासणीसाठी नावच नोंदवलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं, म्हणाल. काहींच्या असेलही. पण वर्षाला दोन-तीन परदेशी विद्यार्थी घेणाऱ्या कॉलेजाने तपासणीची फी भरायची, हजेरीच्या नोंदींसाठी माणूस ठेवायचा, होम ऑफिसला, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याला, वेळच्या वेळी कळवायचं, आणि हे सगळं त्या दोघा-तिघांसाठी? त्यापेक्षा परदेशी विद्यार्थी आणायचं लायसन्सच नको, असा विचार कुणी केला तर तो बोगस ठरतो का? शिवाय खासगी कॉलेजातल्या नव्या विद्यार्थ्यांचा अर्धवेळ कामाचा हक्क त्याच वर्षी गेला. शेजारच्या विद्यापीठात पदवी शिकणाऱ्याला मात्र आठवड्याला २० तास मुभा.

आता माझा खरा मुद्दा. तुम्ही त्याला हातच लावला नाहीत. एखाद्या संस्थेने प्रवेश दिलेल्यांपैकी व्हिसा नाकारल्या जाणाऱ्यांचं प्रमाण आधी २० टक्क्यांपर्यंत चालायचं, नोव्हेंबर २०१४ मध्ये ही मर्यादा १० टक्क्यांवर आली. ती ओलांडली की लायसन्स धोक्यात. पाच हजार विद्यार्थ्यांना व्हिसासाठी प्रवेशाची पत्रं देणारं विद्यापीठ साडेचारशे नकार पचवून उभं राहतं. आठ जणांना पत्रं देणाऱ्या सेमिनरीचा (पाद्री घडवणाऱ्या कॉलेजाचा) एकच अर्ज फेटाळला की साडेबारा टक्के! आणि नकाराला लबाडीच लागते असं नाही. खात्यात सलग २८ दिवस ठेवायची रक्कम एका दिवसासाठी खाली गेली तरी पुरतं. लहान संस्थांच्या बाबतीत अधिकारी तारतम्य वापरू शकतात, हे मला माहीत आहे. पण ज्याचं अस्तित्व दुसऱ्याच्या तारतम्यावर टिकून आहे, तो पुढच्या वर्षीचे प्रवेश कशाच्या भरवशावर देणार?

दुसरी अडचण शिक्क्याची. कोर्सच्या शेवटी ब्रिटनमध्ये मान्य असलेली पदवी किंवा प्रमाणपत्र हवं. चर्च ऑफ इंग्लंडच्या कॉलेजांना २०१४ पासून डरहॅम विद्यापीठाची छत्री आहे. वर्षानुवर्षं दर्स-ए-निझामी (मौलवी घडवणारा पारंपरिक अभ्यासक्रम) शिकवणाऱ्या मदरशाकडे असा शिक्का नसेल, तर अभ्यास कितीही खडतर असो, दार बंद. आपल्या वेदपाठशाळेतला घनपाठी डोळ्यांसमोर आणा. बारा-बारा वर्षं पाठांतर केलेल्या त्या माणसाकडे मार्कशीट मागायची? मला इथे ‘धार्मिक’पेक्षा ‘स्वतंत्र’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो, आणि ‘मिशनऱ्यांचा पुळका’ हा तुमचा टोमणा म्हणूनच मला लागला नाही.

जाता जाता: त्याच लेखाखाली कुणी लिहिलंय की लंडनचं स्पर्जन्स कॉलेज व्हिसामुळे गेलं. १८५६ पासूनचं ते कॉलेज २०२५ मध्ये बंद पडलं हे खरं, पण ते पैशाअभावी. प्रत्येक कुलपाची किल्ली होम ऑफिसकडे शोधू नये.

‘मग तुम्हाला हवंय तरी काय?’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर: तपासणी ठेवा, अचानक भेटी द्या, हजेरीपट बघा. फक्त वर्षाला वीस-पंचवीस विद्यार्थ्यांच्या आतल्या संस्थेला टक्क्यांनी मोजू नका, तिचे तीन वर्षांचे अर्ज एकत्र धरा. ब्रिटिश सरकारच्या मे २०२५ च्या स्थलांतरावरच्या श्वेतपत्रिकेत उलटीच दिशा होती, तिथे नकारांची मर्यादा ५ टक्क्यांवर आणायचा प्रस्ताव होता. म्हणजे एक नकार पचवायचा तर किमान २१ अर्ज हवेत.

मूळ लेखात ४० ते ५० हजारांचा आकडा आज घातला आहे. ‘गळा आवळला’ तसंच ठेवलंय.