फळा डिजिटल झाला, मुलं मात्र हाताची घडी घालूनच

आज भाचीच्या शाळेत डिजिटल वर्गाचं उद्घाटन होतं. घरी आल्यापासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय. लांबलंय, पण वाचाच.

नारळ फुटला, फीत कापली. भिंतभर मोठं इंटरॅक्टिव्ह पॅनेल, बोटाने लिहिता येतं, आकृत्या सरकवता येतात. सातवीच्या मुलांना प्रात्यक्षिकासाठी बसवलं होतं. विद्युत परिपथाचा व्हिडिओ लावला. सेल आला, तार जोडली गेली, बल्ब पेटला, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मुलांना सूचना काय? हाताची घडी, तोंडावर बोट. पॅनेलला हात लावायचा नाही, ठसे उमटतात. एकाही मुलाला कुणी विचारलं नाही की बाळा, ही तार इथून काढली तर काय होईल?

लाखाची वस्तू आणून मुलांना पुन्हा प्रेक्षकच करायचं असेल तर खडू-फळा काय वाईट होता?

मी झेडपीच्या शाळेत गणित-विज्ञान शिकवते. आमच्याकडे असलं पॅनेल नाही. माझा फोन आहे आणि झेरॉक्सवाल्याकडून काढून पुठ्ठ्यावर चिकटवलेली प्लिकर्सची कार्डं आहेत. माहीत नसणाऱ्यांसाठी सांगते. प्रत्येक मुलाचं कार्ड वेगळं, त्यावर काळ्या चौकटींची नक्षी. चार बाजूंना ए, बी, सी, डी. जे उत्तर वाटतं ती बाजू वर धरायची. मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवते आणि कोणी काय उत्तर दिलं ते नावानिशी दिसतं. अक्षरं इतकी बारीक की शेजाऱ्याचं बघून उतरवता येत नाही. मुलांच्या हातात मोबाइल लागत नाही.

सहावीला विचारलं होतं, १/३ मोठा की १/४? निम्म्याहून जास्त वर्गाने १/४ सांगितलं. तीनपेक्षा चार मोठे, म्हणून. मी उत्तर सांगितलं नाही. म्हटलं, शेजाऱ्याला पटवून द्या, मग पुन्हा कार्ड धरू. आणि मागच्या बाकावरचा तो, ज्याचे आईवडील ऊसतोडीला जातात आणि जो आजीकडे राहतो, ज्याने वर्गात कधी हात वर केला नव्हता, तो शेजाऱ्याला सांगत होता, "आरं, येक भाकर चौघांत वाटली तर तुला कमीच येनार की!" दुसऱ्या वेळी कार्डं फिरली तेव्हा जवळपास सगळा वर्ग १/३ वर होता. मी काहीही शिकवलं नव्हतं.

हे माझं डोकं नाही. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मझूर १९९१ पासून हेच करत आले: प्रश्न, प्रत्येकाचं स्वतःचं उत्तर, शेजाऱ्याशी चर्चा, पुन्हा उत्तर. आधी उत्तर ठरवायला लागलं की मूल त्यात गुंततं. मग त्याला खरं काय ते जाणून घ्यायचंच असतं.

त्या परिपथाचंच घ्या. कोलोरॅडो विद्यापीठाची फेट (PhET) सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर स्वतः करून बघायचे प्रयोग, फुकट आहेत, मराठीतही आहेत, आधी उतरवून घेतली तर नेटशिवाय चालतात. त्यात मूल स्वतः तार जोडतं, चुकीची जोडली तर पडद्यावर बॅटरी पेट घेते. मुलं किंचाळतात आणि लगेच पुन्हा जोडून बघतात. त्या भल्यामोठ्या पॅनेलवर आज हे चाललं असतं!

हो, खराखुरा सेल, तार आणि टॉर्चचा बल्ब हातात दिला तर याहून चांगलं, मान्य. मुलांच्या डोळ्यांपुढे आधीच पडदा जास्त झालाय, तेही मान्य.

पण आपल्याकडे डिजिटल शाळा म्हणजे लोकवर्गणीतून टीव्ही, आणि त्याच्यासमोर रांगेत बसलेल्या मुलांचा फोटो ग्रुपवर. रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आले. कोड स्कॅन झाल्यावर मूल पुढे काय करतं, हे बघायला कोण थांबतं?

त्या शाळेतल्या बाईंवर माझा राग नाही, हे लिहिता लिहिता लक्षात येतंय. व्हिडिओ लावताना त्यांचे हात थरथरत होते. समोर पाहुणे, मागे संस्थाचालक. पॅनेल कसं चालू करायचं एवढंच त्यांना शिकवलं असणार. वर्गात गलका झाला की वर्ग हाताबाहेर गेला असं जिथे समजतात, तिथे "शेजाऱ्याशी भांडा" म्हणायची हिंमत कोण करेल? माझ्या वर्गात त्या दिवशी केंद्रप्रमुख आले असते तर भाकरीवरून चाललेला तो आरडाओरडा ऐकून काय म्हणाले असते, कोण जाणे.

तो मुलगा आता हात वर करतो. नेहमी नाही. पण कार्ड मात्र सगळ्यांच्या आधी धरतो, आणि चुकलं तर "बाई, थांबा, सांगू नका" म्हणतो.

सोमवारी दशांश अपूर्णांक घेणार आहे. ०.५ मोठा की ०.३५? बहुतेक वर्ग ०.३५ म्हणणार, पैज लावते. कोणाला यायचं असेल तर या, मागच्या बाकावर जागा आहे. फक्त उत्तर सांगायचं नाही.