'म्हंजे खरी नात न्हाई म्हणा की!'

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या त्या फॉर्म भरून देणाऱ्या पोराचं तोंड आज रात्री माझ्या स्वप्नात येणार. गालात वडापाव, डाव्या हातात मोबाईल आणि उजव्या हाताच्या एका बोटानं टायपिंग. मी साडेदहाला जाऊन बसले ती दीड वाजता उठले. फॉर्म भरून झाला? नाव नको.

अमेरिकेच्या व्हिसाचा तो डीएस-160. 'कशाला चाललायसा आज्जी?' म्हणाला. म्हटलं, नातीला बघायला. 'किती महिन्यांची हाय?' म्हटलं, चार वर्षांची. 'आणि अजून बघितलीच न्हाई?' आता हा प्रश्न फॉर्ममध्ये आहे का? पण 31 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढलेली बाई मी, प्रश्न आला की पूर्ण वाक्यात उत्तर देते. म्हटलं, बाळा, मुलानं आणि सुनेनं दत्तक घेतलीय, गेल्या महिन्यात कोर्टाचा कागद झाला. तर घास या गालातून त्या गालात सारून, मागं बसलेल्या सहा माणसांना नीट ऐकू जाईल अशा बेतानं म्हणतोय, 'म्हंजे खरी नात न्हाई म्हणा की!'

सहा माणसं. त्यातली एक आमच्याच गल्लीतली, म्हणजे ही बातमी माझ्या आधी घरी पोचली असणार.

अरे, तिकडच्या न्यायाधीशानं सही केली. पोरीचा नवा जन्मदाखला निघाला, त्यावर आई म्हणून माझ्या सुनेचं नाव आहे, बाप म्हणून माझ्या मुलाचं. अमेरिकेच्या कोर्टाला शंका नाही, ह्याला आहे! आणि बसलाय कुठं? शाहूपुरीत! ज्यांच्या नावाची पेठ, ते शाहू महाराज मूळचे कोण? कागलच्या घाटग्यांचा यशवंत. 17 मार्च 1884 ला आनंदीबाई राणीसाहेबांनी दत्तक घेतला तेव्हा नऊ वर्षांचा होता तो पोरगा. माझी तर चारच वर्षांची आहे. 26 जूनला, महाराजांच्या जयंतीला, मोटारसायकलला झेंडा लावून हिंडतोस ना? मग उभा राहा दसरा चौकात पुतळ्यासमोर आणि तिथं म्हणून दाखव, खरे महाराज न्हाईत म्हणा की!

हे सगळं मी त्याला सुनावलं का? नाही. येताना रिक्षात सुचलं. मला कायम रिक्षातच सुचतं. तिथं तोंडातून एवढंच निघालं, 'आधी हात धुऊन ये. तेलकट बोटांनी माझं नाव लिहू नकोस.'

गेला बिचारा हात धुवायला. तिकडून चहाला गेला. आणि तो फॉर्म असा नाजूक, की वीसेक मिनिटं त्याला कुणी हात लावला नाही तर रुसून बंद पडतो. भरलेलं साठवलं नव्हतं, अर्जाचा नंबर लिहून घेतला नव्हता. सगळं गेलं. म्हणजे तसा विचार केला तर माझाच फॉर्म मीच घालवला. 'चालतंय की आज्जी, उद्या भरूया,' म्हणाला. चालतंय की! हे दोन शब्द ज्यानं पहिल्यांदा उच्चारले त्याला मला एकदा भेटायचंय. आमच्या घरातही एक आहेत. गॅस संपला, चालतंय की. मुंबईला दोन खेटे घालायचे, चालतंय की. स्वतः मात्र गुडघे दुखतात म्हणून अमेरिकेला येत नाहीत. रंकाळ्याला रोज दोन फेऱ्या मारताना कुठं जातात ते गुडघे?

आणि फॉर्म तरी काय एकेक! तुम्ही कुठल्या कुळाच्या किंवा टोळीच्या आहात का? देवक लिहू? बंदुका, स्फोटकं यांचं काही शिक्षण झालंय का? वंशसंहारात भाग घेतलाय का? 67 व्या वर्षी हे विचारतात मला. जवळच्या नातेवाइकांत नवरा चालतो, मुलगा चालतो, भाऊबहीण चालतात. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या नातीला रकानाच नाही. फी 185 डॉलर, व्हिसा नाकारला तर गेली गंगेला. बोटांचे ठसे द्यायची तारीख वेगळी, मुलाखतीची वेगळी. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर हिंदकळत जायचं, बहिणीकडं डोंबिवलीला पडायचं, आणि भाकरी थापून थापून गुळगुळीत झालेली बोटं त्या काचेवर दाबत बसायचं. आधारच्या वेळी माझे ठसे पाचव्यांदा उठले होते.

शिवाय सल्ले. 'नात सांभाळायला चाललोय म्हणायचं न्हाई हां, काम करायला आली म्हणतात आणि नाकारतात. नायगारा बघायला म्हणा.' मला नायगाऱ्याचं काय करायचंय? पावसाळ्यात राधानगरीचे दरवाजे बघितलेत की मी.

पण त्या पोराचं एक वेळ सोडा, पोरगाच आहे. माझ्या जाऊबाई? 'जा बाई, पुण्याचं काम आहे. पण रक्ताचं ते रक्ताचंच.' ज्यांच्या रक्ताच्या दोन मुलग्यांनी घराच्या वाटणीवरून तीन वर्षं एकमेकांचं तोंड बघितलेलं नाही, त्या मला रक्त शिकवतात. आणि वर दोन किलो कांदा-लसूण चटणी आणून ठेवली, 'आमच्या भाचीला दे, ती पण अमेरिकेतच असते.' भाची कॅलिफोर्नियात, मी चाललेय न्यू जर्सीला!

आता खरं सांगायचं तर मी तरी कुठली शहाणी. दीड वर्षापूर्वी मुलानं फोनवर पहिल्यांदा हे दत्तकाचं सांगितलं तेव्हा मी काय म्हणाले? 'अजून एक डॉक्टर बघितला असतास.' तिकडून सून ऐकत होती, फोन स्पीकरवर होता. पुढं चार दिवस तिनं फोन केला नाही, मीही केला नाही. पाचव्या दिवशी मी केला आणि खानदेशी भरीत कसं करतेस ते विचारलं. त्यावर आमचं मिटलं. तेव्हा त्या वडापाववाल्याला फार बोलायचा अधिकार मला नाही, हे कळतंय. तरी बोलणार.

बाळंतविडा हाही एक घोळच. जुन्या साड्यांचं दुपटं शिवून झालं, मग लक्षात आलं, चार वर्षांची पोरगी दुपट्यात कशी मावेल? आता बाहुलीला पांघरेल. वाळ्यांचा प्रश्नच नाही, म्हणून हुपरीचे पैंजण घेतले, तेही पायाचं माप व्हिडिओ कॉलवर पट्टी धरून. ओटीत खोबऱ्याची वाटी हवी, तर खोबरं विमानात चालत नाही म्हणे, पेट घेतं. आमच्या डब्यात वर्षानुवर्षं गप्प पडून असतं ते.

फोटोचं तर राहिलंच. दोन इंच बाय दोन इंच, मागं पांढरं, चष्मा काढून. काढला. स्टुडिओवाला म्हणतो, 'आज्जी, जरा राग आवरा, चेहरा साधा पाहिजे.' साधाच होता!

उद्या साडेदहाला पुन्हा त्याच पोराकडं जायचंय, कारण आख्ख्या शाहूपुरीत स्पेलिंग त्यातल्या त्यात त्याचंच बरं आहे. वडापाव मीच घेऊन जाणार आहे. फॉर्म पूर्ण भरेपर्यंत पिशवीतून काढणार नाही.