हेलिकॉप्टरला कायदा, चार चाकांना नाही

आज परत ॲम्ब्युलन्सच्या बिलाचं तेच लांबट पाकीट आलं. यावेळी वर लाल अक्षरात ‘अंतिम सूचना’. २,१८६ डॉलर भरा, नाहीतर वसुलीवाल्यांकडे देतो. मुलगा सायकलवरून पडला त्याला सहा महिने होत आले. त्याच्या भुवईवरची खूणसुद्धा आता पुसट झालीय, पण हे बिल काही पाठ सोडत नाही. डोकं फिरलंय माझं, म्हणून लिहितेय.

गेल्या ऑगस्टमधला शनिवार. बागेच्या उतारावर माझा नऊ वर्षांचा मुलगा सायकलवरून तोंडावर आपटला. काही सेकंद डोळेच उघडेना. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली, हात रक्ताने भरलेले, कुणीतरी ९११, म्हणजे इथे अमेरिकेतला इमर्जन्सीचा नंबर, लावला. पाच मिनिटांत ॲम्ब्युलन्स आली. त्या दोघांनी त्याच्या मानेला पट्टा बांधला, बोटाला चिमटा लावला आणि हॉस्पिटल येईपर्यंत त्याला डायनासोरची नावं विचारत जागं ठेवलं. त्या दोघांचे उपकार मी विसरणार नाही. साडेतीन मैलांचा रस्ता. स्कॅन झाला, तीन टाके पडले, रात्री आम्ही घरी.

मग ऑक्टोबरमध्ये ॲम्ब्युलन्स कंपनीचं बिल आलं. २,९५४ डॉलर. गाडी निघाली त्याचे वेगळे, दर मैलाचे वेगळे, ऑक्सिजनचे वेगळे. विमा कंपनीने ७६८ टेकवले आणि हात झटकले. उरलेले माझ्या गळ्यात. का, तर म्हणे ती गाडी ‘आउट ऑफ नेटवर्क’ होती, म्हणजे विमा कंपनीशी करार नसलेली.

अरे, कसलं नेटवर्क? पोरगं डोळे उघडत नाहीये आणि मी त्या माणसाला विचारायचं होतं का, की बाबा तू माझ्या विम्याच्या यादीत आहेस का? आणि विचारलं असतं तरी काय उपयोग होता? आमच्या काउंटीने, म्हणजे इथल्या जिल्ह्याने, ९११ च्या गाड्यांचं कंत्राट एकाच कंपनीला दिलंय. दुसरी गाडी येऊच शकत नाही. त्या एकुलत्या एक कंपनीशी माझ्या विमा कंपनीने करार केलेला नाही. म्हणजे निवड करायला मुळात काही नव्हतंच, आणि तरी चुकीच्या निवडीचा दंड मी भरायचा!

तेव्हापासून फोन. सकाळी आठला लाइन उघडते म्हणून पावणेआठपासून वही, पेन, विम्याचं कार्ड घेऊन बसते. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं तेच पियानोचं तुणतुणं. मग दर वेळी नवा माणूस आणि पुन्हा पहिल्यापासून: मेंबर आयडी, जन्मतारीख, कुठल्या तारखेची सेवा. विमावाले म्हणतात ॲम्ब्युलन्सवाल्यांशी बोला, ॲम्ब्युलन्सवाले म्हणतात विम्याशी बोला. अपील केलं तर कागद फॅक्सने पाठवा म्हणाले. फॅक्सने! मी सिलिकॉन व्हॅलीत राहते आणि फॅक्स करायला दुकान शोधत फिरले.

या सगळ्यात मी कायदा वाचला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. इथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, डिसेंबर २०२० मध्ये ‘नो सरप्रायझेस ॲक्ट’ केला. सही ट्रम्पची, अंमल १ जानेवारी २०२२ पासून, म्हणजे बायडनच्या काळात. इमर्जन्सीत नेलं आणि तिथला डॉक्टर नेटवर्कबाहेरचा निघाला, तरी त्याला असं वरचं बिल लावता येत नाही. चांगली गोष्ट आहे. हेलिकॉप्टरने नेलं तरी हेच संरक्षण. पण रस्त्यावरून धावणारी साधी ॲम्ब्युलन्स? ती वगळली. विसरली नाही, समजून उमजून वगळली. कुठे गाड्या शहराच्या अग्निशमन दलाच्या, कुठे काउंटीच्या, कुठे खासगी, दर गावोगाव वेगळे, म्हणून गुंतागुंत आहे म्हणे. मग एक समिती नेमली. समितीने काम केलं, २०२४ मध्ये अहवाल दिला की रुग्णाला या बिलातून सोडवा. तो अहवाल तसाच पडून आहे. माझा मुलगा हेलिकॉप्टरने गेला असता तर मला हे पाकीट आलं नसतं!

आमच्या कॅलिफोर्निया राज्याने रस्त्यावरच्या ॲम्ब्युलन्सच्या अशा वरच्या बिलाविरुद्ध स्वतःचा कायदा केला, एबी ७१६, २०२४ पासून लागू. वाचून मला हायसं वाटलं होतं. दोन दिवस टिकलं. आमचा विमा नवऱ्याच्या कंपनीचा ‘सेल्फ-फंडेड’ आहे, म्हणजे क्लेमचे पैसे कंपनी स्वतः भरते, विमा कंपनी नुसती कागद हलवते. अशा योजनांना १९७४ च्या केंद्रीय कायद्यामुळे राज्याचे नियम लागत नाहीत. नोकरीतून विमा मिळणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक याच योजनांमध्ये आहेत, आणि बहुतेकांना आपली योजना यातली आहे हे माहीतही नसतं. मलाही कुठे माहीत होतं?

आणि मी फोनवर ताटकळत होते तेव्हा वॉशिंग्टनमध्ये काय चाललं होतं? १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५, त्रेचाळीस दिवस केंद्र सरकार बंद, कारण खर्चालाच मंजुरी नाही. तोवरच्या इथल्या इतिहासातलं सगळ्यात लांब. भांडण कशावरून, तर स्वतः आरोग्य विमा घेणाऱ्यांना मिळणाऱ्या वाढीव सबसिडीवरून. विमानं सांभाळणारे कंट्रोलर बिनपगारी राबले, चार कोटींवर लोकांची अन्नाची मदत नोव्हेंबरमध्ये अडकली. काँग्रेसच्या सदस्यांचा वर्षाचा १,७४,००० डॉलरचा पगार मात्र चालू. एवढं करून मिळवलं काय? ती वाढीव सबसिडी ३१ डिसेंबरला संपलीच. माझी एक मैत्रीण घरून डबे करून देते, तिचा विमा स्वतःचा. जानेवारीचा हप्ता बघून ती माझ्यासमोर रडली. दोन्ही पक्ष टीव्हीवर एकमेकांकडे बोट दाखवत होते. मला दोघांचाही सारखाच राग येतो. आणि मला इथे मतदानाचा हक्कही नाही. बारा वर्षं कर भरतेय, ग्रीनकार्डच्या रांगेत उभी आहे.

गेल्या वर्षी साताऱ्याला बाबांच्या छातीत दुखलं. आईने १०८ लावला. गाडी आली, आत डॉक्टर होता, सिव्हिलला नेलं. एक रुपया मागितला नाही. २०१४ पासून महाराष्ट्रात ही सेवा चालू आहे. तिथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही, गाडी उशिरा आल्याच्या तक्रारी मीही ऐकल्यात. पण फोन लावताना आईच्या मनात पैशाचा विचार आला नव्हता.

इथे तो येतो. हेच मला सगळ्यात जास्त खुपतं. नोव्हेंबरमध्ये शेजारच्या काकांना रात्री दम लागला. काकू आमच्या दारात आल्या, घाबरलेल्या, अंगावर नुसती शाल, आणि म्हणाल्या, “गाडी काढता का? ॲम्ब्युलन्स नको, तुमचं बिल पाहिलंय मी.” नवऱ्याने गाडी काढली. मागच्या सीटवर मी काकांना धरून बसले. ओठ निळसर, बोलता येत नव्हतं, जवळ ऑक्सिजन नाही, आणि सिग्नल लाल. काका वाचले. पण त्या सिग्नलवर मी मनातल्या मनात सेकंद मोजत होते, ते अजून रात्री आठवतं. डॉलर वाचवायला आम्ही एका माणसाचा जीव पणाला लावला होता, आणि तिघांपैकी एकालाही ते विचित्र वाटलं नाही.

मी हे २,१८६ डॉलर भरणार नाहीये. दुसरं अपील लिहून ठेवलंय, त्यात काउंटीच्या कंत्राटाची प्रत जोडलीय, नवऱ्याच्या ऑफिसच्या एचआरलाही पत्र पाठवलंय. उद्या पावणेआठला परत फोन घेऊन बसतेय.