रिकामी दिसते ती सीट रिकामी नसते

गेल्या महिन्यात आईला ताईकडे लंडनला पाठवायचं होतं. गुडघा वाकत नाही, म्हणून विमानप्रवासातून साठवलेल्या माइल्सवर, म्हणजे पॉइंट्सवर, बिझनेस क्लास करून घेऊ म्हटलं. सीट मॅपवर अकरा जागा मोकळ्या. कॉल सेंटरची मुलगी म्हणते, "सर, अपग्रेड अव्हेलेबल नाही." ताईने लगेच सुनावलं, "एवढी वर्षं तिकिटं काढलीस, आणि आईचंच जमेना?"

नाहीच जमत. सीट मॅप बघून जागा धरणं म्हणजे पंगतीत रिकामं पान दिसलं की जाऊन बसणं. पान कुणासाठी मांडलंय ते यजमानाला विचारा! तिकीट घेऊन सीट न निवडलेले कितीतरी असतात.

आमच्या एजंटांच्या स्क्रीनवर त्या दिवशी होतं : जे४ सी४ डी२ आय०. केबिन एकच, खुर्ची तीच, अक्षरं चार, भाडी चार; आकडा म्हणजे त्या भाड्यात मिळणाऱ्या जागा. नवखी पोरं याची बेरीज करून दहा म्हणतात. दहा नाहीत हो, चारच! त्याच चार जागा वेगवेगळ्या भावांच्या खिडकीतून दिसतायत. महागाचं गिऱ्हाईक स्वस्तातली जागा खाऊ शकतं, उलटं होत नाही. आणि माइल्सवरच्या अपग्रेडचं अक्षर तर वेगळंच असतं. तिथे शून्य.

स्वस्तात आत्ता विकायचं की महागाचं गिऱ्हाईक येईल म्हणून थांबायचं, याचा हिशेब बीओएसी या ब्रिटिश कंपनीतल्या केन लिटलवूड यांनी १९७२ मध्येच मांडून ठेवलाय. आंबेवाला संध्याकाळी भाव पाडतो. विमानवाले बहुतेक वेळा चढवतात, कारण आदल्या दिवशी तिकीट घेणारा एकतर कंपनीच्या पैशाने जातो, नाहीतर घरात कुणीतरी गेलेलं असतं.

धंदा आहे, करू देत. माझा राग वेगळा आहे. माइल्स साठवायला लावताना "तुमच्यासाठी बिझनेस क्लासची दारं खुली" म्हणायचं, आणि त्या दारामागे आज किती जागा सोडल्यात ते सांगायचं नाही! (चांगले कपडे घालून काउंटरवर गोड हसलं की अपग्रेड मिळतं, हा सल्ला कृपया कमेंटमध्ये नको. इकॉनॉमी ओव्हरबुक झाली तर पुढे कुणाला ढकलायचं, ते बहुधा माइल्सच्या कार्डाच्या रंगावर ठरतं.)

निघायच्या दिवसापर्यंत रोज पहाटे बघत होतो. शून्य ते शून्यच. आईला मागे आइलची सीट आणि व्हीलचेअर घेऊन दिली.

हीथ्रोला उतरल्यावर तिचा फोन : "पुढच्या भागातून बाहेर आले रे. चार खुर्च्यांवरची पांघरुणं घडीसुद्धा मोडलेली नव्हती."