विंचवाचं बिऱ्हाड, वजन ७,६०० पौंड

निवृत्त झाल्यावर न्यू जर्सीतलं घर विकून ट्रेलरमध्ये राहायचं आणि अमेरिकाभर हिंडायचं, हा बेत मी कराडला दादाला फोनवर सांगितला तेव्हा तो आधी म्हणाला, "कर्ज झालंय का?" नाही म्हटल्यावर म्हणाला, "मग घर का विकतोस?" मी त्याला समजावलं, की ट्रकच्या मागे एक चाकांवरचं घर जोडायचं, त्यात बेड, शेगडी, फ्रिज, संडास सगळं असतं. जाऊ तिथे मुक्काम. "म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड," दादा म्हणाला. "आधी काय घेतलंस? गाडी का बैल?"

बैल. म्हणजे ट्रक. आणि पहिली चूक तीच होती.

ट्रक 'हाफ-टन' जातीचा. इथे ट्रकांच्या जाती अर्धा टन, पाऊण टन आणि एक टन अशा सांगतात. त्या आकड्यांचा आज कशाशीही संबंध उरलेला नाही, पण पाऊण म्हणणारे इतरही लोक जगात आहेत हे कळून मला उगाच आपलं वाटलं. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, की हा ट्रक ११,००० पौंड ओढतो. ट्रेलर विकणाऱ्यानेही मी दाखवीन त्या ट्रेलरकडे पाहून "आरामात ओढेल" असं सांगितलं. त्याच्या आवारात एखादा डोंगर विकायला असता तरी तो हेच म्हणाला असता.

ट्रेलर पाहण्यात सहा महिने गेले. अमेरिकेतल्या बहुतेक आरव्ही, म्हणजे राहायच्या गाड्या आणि ट्रेलर, इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टच्या आसपास बनतात, म्हणून आम्ही तिथपर्यंत जाऊन आलो. वाटेत ओहायोत जॅक्सन सेंटर लागतं, तिथे एअरस्ट्रीम नावाच्या ट्रेलर-गाड्या बनतात. रिव्हेट मारलेल्या ॲल्युमिनियमच्या, गोल कडांच्या, चकचकीत. मी भारावून उभा होतो. बायको म्हणाली, "लाडवाचा डबा आहे हो नुसता. आणि रोज पुसायचा कोणी?" एअरस्ट्रीम बाद.

मग फिफ्थ व्हील. हाही ट्रेलरच, पण त्याचं पुढचं टोक ट्रकच्या हौद्यातच येऊन बसतं, आत जिने, दिवाणखाना, इलेक्ट्रिक फायरप्लेस. पण त्याच्या वजनाचा पाचवा ते चौथा हिस्सा थेट ट्रकच्या पाठीवर येतो, आणि आमचा अर्धा टन त्याखाली गुडघे टेकणार. शिवाय उंची तेरा फुटांच्या घरात. प्रत्येक पुलाखाली मान खाली घालायची सवय मला आहे, ट्रेलरला नाही.

बायकोच्या अटी मोजक्या होत्या. ओटा हवा, खिडकी ओट्यासमोर हवी, आणि देव्हारा पूर्वेला. पहिल्या दोन जमल्या. तिसरीबद्दल मी म्हणालो, "अगं, हे घर रोज फिरणार. पूर्व कुठली धरायची?" ती म्हणाली, "ते तुम्ही पार्क करताना बघा." आता कॅम्पग्राउंडवर लोक सावली, उतार आणि विजेचा खांब पाहून ट्रेलर लावतात. मी होकायंत्र घेऊन लावतो.

टाक्या तीन असतात. स्वच्छ पाण्याची, सांडपाण्याची आणि काळी. काळीत काय असतं ते नावावरून कळतं. ती रिकामी कोण करणार यावर चर्चा झालीच नाही. वीज तीस अँपिअरची, म्हणजे ३,६०० वॅट, तेव्हा एसी चालू असताना इंडक्शनवर कुकर आणि मायक्रोवेव्हमध्ये पापड हे सुख एकत्र मिळत नाही. हेही मान्य केलं.

अखेर ठरलेल्या ट्रेलरचं 'सुकं वजन' ६,१०० पौंड, आणि जास्तीत जास्त भरलेलं ७,६००. दीड हजार पौंड आपले! पण सुक्या वजनात ना पाणी ना बॅटऱ्या. ५० गॅलन पाणीच ४१५ पौंड भरतं, बॅटऱ्या १३०. उरले साडेनऊशे. त्यात ३१ वर्षांचा संसार.

आम्ही बाथरूममधला काटा हॉलमध्ये आणला. पद्धत अशी, की वस्तू कवटाळून काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. लोखंडी तवा, पितळी पातेली, समया. मिक्सर ११ पौंड, मंजूर. मग ती पाटा-वरवंटा कवटाळून उभी राहिली. सासूबाईंचा, विमानातून आणलेला. ३८ पौंड. मी म्हणालो, "नामंजूर." तिने माझ्या दिवाळी अंकांच्या खोक्यांकडे पाहिलं. दोनशे पौंडांच्या वर. तेही नामंजूर झाले. लोकशाही होती.

त्याच सुमारास मला ट्रकचं दार उघडल्यावर खांबावर चिकटवलेली पट्टी दिसली. माणसं आणि सामान मिळून १,४८० पौंडांहून जास्त भरू नये, असं तिच्यावर छापलं होतं. ट्रक ओढतो ११,०००, पण पाठीवर घेतो एवढंच. आणि ट्रेलरचा पुढचा दांडा ट्रकवर जो भार टाकतो, वजनाच्या दहा ते पंधरा टक्के, तोही यातच धरायचा. आमचा झाला ९९०. जोडणीचं लोखंड १००. आम्ही दोघं ३३०. (माझं १८५. वजाबाकी करू नये.) उरले ६० पौंड. तेवढ्यात हत्यारांची पेटी बसते, हत्यारं बसत नाहीत.

तरी निघालो. पेनसिल्व्हेनियाच्या दिशेने इंटरस्टेट ७८ वर एक मोठा ट्रक बाजूने गेला आणि आमचं घर मागे डावी-उजवीकडे शेपूट हलवू लागलं. अशा वेळी ट्रकचा ब्रेक दाबायचा नसतो, नुसता ट्रेलरचा हाताने लावायचा, हे मी वाचलं होतं आणि देवाच्या कृपेने त्या क्षणी आठवलं. ती मागे देव्हाऱ्याकडे तोंड करून काहीतरी म्हणत होती. देव्हारा ट्रेलरमध्ये होता, पण दिशा बरोबर होती.

थांबल्यावर दादाला फोन केला. त्याने एवढंच विचारलं, "आरं, मागं काय भरलंयस? उलाळ झालीय गाडी."

वडिलांची बैलगाडी डोळ्यांसमोर आली. मागे ओझं जास्त झालं की जू वर उचललं जायचं आणि बैलांच्या गळ्याला फास बसायचा. दांड्यावर भार कमी पडला की ट्रेलर डुलतो, हे इंग्रजीत मी चाळीस वेळा वाचलं होतं.

मागचा बेड उचलला. गोधडीत गुंडाळलेला पाटा निघाला. त्याच्या शेजारी माझे दिवाळी अंक. दोघंही काही बोललो नाही.

सगळं पुढच्या कप्प्यात हलवलं. डुलणं थांबलं. पुढच्या ट्रक स्टॉपवर काट्यावर चढलो, पावती आली. ट्रक मर्यादेच्या ११० पौंड वर.

आता दोन मार्ग होते. दोन्ही आम्हाला अमान्य होते. म्हणून तिसरा काढला आणि पाऊण टनी ट्रक घेतला. मला डिझेल हवा होता, पण ते इंजिनच इतकं जड की ट्रकची बरीच ताकद स्वतःलाच उचलण्यात जाते. पेट्रोलवाल्यात पाटा, अंक आणि हत्यारं सगळं बसलं. नाल सापडली म्हणून घोडा घेणारे लोक असतात, असं लहानपणी ऐकलं होतं.

दादाला कळवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "चटणी तरी वाटते ना त्यावर?"

मिक्सरचं मी त्याला सांगितलेलं नाही.