शेजाऱ्याकडे बघा, पण नियमात राहून

इंग्लंडात घर वाढवताय? छान. एक खोली वाढेल, आणि मुख्य म्हणजे एक खिडकी वाढेल. शेजारच्या अंगणात काय शिजतंय हे कळायला आजवर टाचा उंचावून कुंपणावरून डोकवावं लागायचं. आता चहा पीत पीत जमेल. थोडा अभ्यास तेवढा हवा.

प्लॅनिंग परमिशन, म्हणजे स्थानिक कौन्सिलची बांधकामाची परवानगी, न काढता बांधायचं तर वरच्या मजल्यावर बाजूच्या भिंतीतल्या खिडकीला धूसर काच लागते, आणि खोलीच्या जमिनीपासून १.७ मीटरच्या खाली ती उघडता कामा नये. त्याच्या वर झडप ठेवा, खुशाल उघडा. सहा फुटी माणसाचे डोळे साधारण तिथेच येतात, म्हणजे उंच मंडळींची सोय कायद्यानेच केली आहे. बुटक्यांनी स्टूल घ्यावं. स्टुलाबद्दल नियमात अवाक्षर नाही.

धूसर काचेची एक खोड मात्र लक्षात ठेवा. रात्री न्हाणीघरात दिवा लागला की ती आतलं बाहेर सांगू लागते. खिडकीतल्या शाम्पूच्या बाटल्या ओळीने मोजता येतात, आणि मागे एक गुलाबी गोळा हलताना दिसतो. तो गोळा तुम्ही. निदान टॉवेल तरी गडद रंगाचा घ्या.

पण खरं सांगू? बाजूच्या भिंतीच्या नादी लागूच नका. काचेची ही अट मागच्या भिंतीला नाहीच! दुमजली वाढीव बांधकामापासून मागच्या हद्दीपर्यंत सात मीटर सोडले की झालं. सात मीटरवरून मागचा शेजारी कोणतं मासिक वाचतोय ते कळत नाही, पण वाचता वाचता त्याला डुलकी लागलीय हे नक्की कळतं. बाल्कनीला परवानगी लागते, तो हट्ट सोडा. अंगणातला चौथरा ३० सेंटिमीटरच्या आत ठेवलात तर चालतो. त्यावर काय ठेवायचं ते आता सांगायला नको.

परवानगी काढावीच लागली तर अर्ज ऐन सुट्टीत टाका. कौन्सिल शेजाऱ्यांना हरकतीसाठी २१ दिवस देते, तेवढ्यात ते समुद्रावर जाऊन येतात. घरीच असले तर प्रेमाने सुचवा, ‘आमचा देखावा गेला, घराची किंमत पडली’ असं कळकळीने लिहा म्हणून. ही दोन्ही कारणं कौन्सिल विचारातच घेत नाही. खासगीपणाचं घेते, तो विषय तुम्ही काढू नका.

तरीही कुरबुर झालीच तर म्हणा, ‘पडदे लावा की!’ लंडनच्या टेट मॉडर्न या कलादालनाच्या दहाव्या मजल्यावरून लोक समोरच्या काचेच्या फ्लॅटमधले संसार बघायचे, फोटो काढायचे, हातही हलवायचे. रहिवासी कोर्टात गेले, तर त्यांना पडद्यांचाच सल्ला मिळाला. खालच्या दोन्ही न्यायालयांत ते हरले. २०२३ साली मात्र सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी त्यांच्या बाजूने कौल दिला: ही तर प्राणिसंग्रहालयात ठेवल्यासारखी अवस्था. तुम्ही घाबरू नका. तिथे वर्षाला पाच-सहा लाख माणसं येत होती, आणि शेजाऱ्याच्या घरात नुसतं दिसतं एवढ्याने उपद्रव ठरत नाही, हेही त्याच निकालात आहे.

तेव्हा पाहुणे बेताने बोलवा. आणि स्टूल एकच ठेवा.