पाकिटातला शिपाई

काल एका मित्राच्या वास्तुशांतीला गेलो होतो. हॉलमध्ये मोठी फ्रेम, आत जुनी सिगारेट कार्डं. पाकीट चेपू नये म्हणून आत घालायचे ना, ते पुठ्ठ्याचे रंगीत तुकडे. 1912 साली विल्सच्या 'सिझर्स' सिगारेटबरोबर हिंदी पलटणींची 50 कार्डांची मालिकाच निघाली होती. मित्र म्हणे, "क्लासी ना?"

मधोमध कोण? शीख शिपाई! ज्याच्या धर्मात तंबाखू वर्ज्य, त्यालाच सिगारेटच्या पाकिटात कोंबलाय. डोकं सणकलं माझं. संभाजी बिडीचं नाव बदलेपर्यंत आपण गप्प बसलो नाही, आणि हे मात्र भिंतीवर?

दुसऱ्यांच्या भावना त्या कंपनीला कळत नव्हत्या असं नाही हं. वॉटर्लूला इंग्रजांनी नेपोलियनच्या फ्रान्सला हरवलं, त्या लढाईच्या शंभरीला, 1915 साली, याच विल्सने 50 कार्डं छापली आणि बाजारात आणलीच नाहीत. का, तर पहिल्या महायुद्धात फ्रान्स आता दोस्त, त्यांना वाईट वाटेल!

माझे पणजोबा 117 मराठा पलटणीत होते. त्याच युद्धात, आजच्या इराकमधल्या कूतला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात, 147 दिवस. शेवटी घोडे, खेचरं कापली. कित्येक हिंदी शिपायांनी ते मांस बरेच दिवस तोंडाला लावलं नाही. 29 एप्रिल 1916 ला शरणागती, पुढे तुर्कांची कैद. आजी सांगायची, "मामंजी जेवून उठले की ताट घासलेलं वाटायचं. खाली सांडलेलं शीतही बोटाने टिपायचे."

कार्डावर असं शीत टिपणारा शिपाई नसतो. तिथे छाती पुढे, मिशीला पीळ. महिना 11 रुपयांवर लढणारा माणूस, आणि त्याच्या रुबाबावर साम्राज्यही विकायचं, सिगारेटही.

बरं, गोऱ्या शिपायांचीही कार्डं निघाली, व्हिक्टोरिया क्रॉसवाल्यांची तर नावासकट. मान्य. आणि मित्राच्या मनात काही वाईट नव्हतं, तेही मान्य. उगाच चारचौघांत बोललो त्याला.

खरं सांगू? पणजोबांचा एकही फोटो आमच्या घरात नाही. आजीला विचारलं होतं, दिसायचे कसे? म्हणाली, सावळे, अंगाने बारीक, आणि जेवताना मान खाली. बस, एवढंच.

त्या फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यात एक सावळा, बारीक शिपाई आहे. पलटणीचं नाव कडेच्या लाकडाखाली गेलंय. निघताना दोनदा मागे वळून बघितलं.

सकाळी मित्राला मेसेज केलाय. सॉरी म्हटलं, आणि म्हटलं, जमलं तर फ्रेम उघड, त्या कोपऱ्यातल्याचं नाव वाचायचंय.